काटोल रोडवर, बाबांना मागे बसवून

गोरेवाडा मागे पडला आणि पळस सुरू झाला
तशी मी गाडी हळू केली.
मागे बाबा. गळ्याला रुमाल,
मांडीवर घडी घातलेली रिकामी पिशवी.
कशाला, ते सांगत नव्हते.

"बघा ना, पेटलाय नुसता," मी म्हणाले
आणि जीभ चावली.

बावीस वर्षं अजनीच्या केबिनमध्ये होते बाबा.
लाल म्हणजे थांब,
हे आम्हाला मुळाक्षरांच्या आधी आलं.
मग खोकला. मेडिकलच्या रांगा, नऊ महिने गोळ्या.
खोकला गेला, आणि जाताना
लाल-हिरव्यातला फरक घेऊन गेला.
रेल्वेच्या डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं,
यात कोणता आकडा दिसतो?
"आकडा कुठी साहेब, ज्वारी सांडली आहे नुसती."
सोमवारपासून पार्सल ऑफिस.

मी आठवीला विज्ञान शिकवते.
परवा शेवटच्या बाकावरून हर्षाली रंगारी उठली,
"मॅडम, काही फुलं इतकी भडक काहून
आन् काही अशीच काहून?"
पुस्तकात चार ओळी होत्या, मी पाच सांगितल्या.
घंटा झाली.
ती उभीच होती.

"कोनासाठी लावते तो लाल?" मागून बाबा.
पाखरांसाठी, मी म्हटलं. मैना येतात, शिंजीर येतो,
चोच बुडवतात, कपाळाला पराग लावून निघतात.
"आन् मधमाशी?"
तिला लाल दिसतच नाही, बाबा.
तिला निळं कळतं, पिवळं कळतं,
आपल्याला न दिसणाऱ्या काही रेघासुद्धा.
लाल तिच्या लेखी काळपट.

एक आख्खा ट्रक बाजूने निघून गेला.

"म्हंजे ते बी पार्सल ऑफिसातली."

मी इतकी हसले की गाडी डगमगली.

मग रात्रीचं निघालं. क्वार्टरमागचा बुच,
पहाटे ड्यूटीवरून येताना
ज्याच्या सड्यावरून बाबा पाय उचलून चालायचे.
लांब नळीची पांढरी फुलं, लांब सोंडेच्या पतंगासाठी,
अंधारात रंग कुणाला विचारतो?
"बराबर आहे," ते म्हणाले,
"रातच्याले झेंडा कोन दाखवते? दिवाच लागते."
आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच,
"ज्वारीले तं कोनी फूल बी म्हनत नाही."
तिचं सगळं वाऱ्यावर, बाबा.
निसवली की धुळीसारखा पराग उडतो,
पोचला तर पोचला.
"वाऱ्याले डोये कुठी आहेत. झेंडा कोनाले दाखवावा तिनं?"

हर्षालीला हे असं सांगायला हवं होतं.
सहावी ओळ.

कळमेश्वरचा फाटा यायच्या आत
त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा बोट आपटलं. थांब.
मला काहीच कळलं नव्हतं.
हेल्मेट काढलं तेव्हा आला,
कुंपणापलीकडून, संत्र्याच्या आंबिया बहाराचा वास.
नखाएवढी पांढरी फुलं, पानांत लपलेली,
आणि आख्खा बगीचा मधमाश्यांनी गुणगुणत.
बाबा तारेला धरून उभे राहिले,
केबिनमध्ये रॉड धरून राहायचे तसे,
गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत.

परतताना पिशवीचं उलगडलं.
पळसाखाली उकिडवे बसले,
खालच्या पाचोळ्यावरून तळवा फिरवत,
मखमल लागली की उचलायची,
करकर लागली की सोडायचं.
एकही पान चुकून पिशवीत गेलं नाही.
धुळवडीला नातवासाठी उकळायचं होतं त्यांना.

"पानी केसरी झालं की सांगजो," म्हणाले,
"मले ते आपलं
चहासारखंच दिसन."